हातांचं काय करायचं

“मग हातांचं काय करायचं, काका?”

हनोखकाका भांबळ मागच्या ओसरीवर स्टोव्हपुढे पाट घेऊन बसले होते. पातेल्यात काळ्या मनुका रटरटत होत्या. उद्या रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन: भाकर आणि द्राक्षारस. मिशन कंपाउंडातल्या जुन्या चर्चची पाळकी, म्हणजे धर्मगुरूचं काम, सोडून काकांना बरीच वर्षं झाली होती, पण द्राक्षारस अजून त्यांच्याच हातचा लागे.

“कुणाच्या हातांचं?”

“माझ्या. प्रार्थनेच्या वेळी.”

“का? नखं वाढलीत?”

हसावं की रडावं, केझियाला कळेना. आल्या आल्या सलाम करायचाही राहून गेला होता. तो तिनं आता केला. काकांनी पळीनंच सलाम घेतला.

गोष्ट अशी होती. केझियाचे वडील, दानिएल ओहोळ, नाताळापासून अंथरुणाला खिळलेले. तरुणपणी उपासनेत ढोलकी हवी की ऑर्गन, यावरून पंचांशी भांडून ते जुन्या चर्चमधून जे उठले, ते पुन्हा कुठल्याच चर्चची पायरी चढले नाहीत. आणि महिन्यापूर्वी त्यांनी लेकीचं मनगट धरून म्हटलं, “केझू, एकदा प्रभुभोजन घ्यायचंय. पण कुणालाही उचलून आणू नकोस. जिथे खरी भक्ती चालते, तिथला पाळक आण.”

केझिया एम.ए. झालेली. ती शोधाला लागली.

“कुठे कुठे गेलीस?”

“आधी दगडी चर्चला. तिथे सगळे गुडघे टेकतात. मी टेकले, तोवर ते उठले. मी उठले, तर ते बसले. पुस्तकात सगळं छापलेलं असतं म्हणे, पण पान कोणतं ते कुणी सांगेना.”

“मग?”

“पाळक एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लावत होते. माझ्या ओठांना लावला आणि मी दचकले. त्यांच्या पांढऱ्या झग्यावर एवढा डाग पडला…”

“धुतला असेल त्यांनी.”

“मग पत्र्याच्या चर्चला गेले. तिथे ड्रम, गिटार, सगळ्यांचे हात वर. पास्टर माइकवर एवढ्यानं ‘हालेलुया’ ओरडले की मी थरथर कापायलाच लागले. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘सिस्टरवर पवित्र आत्मा आला!’ आणि सगळ्या जणी माझ्या डोक्यावर हात ठेवून…”

काकांचे खांदे हलायला लागले.

“हसू नका ना काका! मी नुसती घाबरले होते.”

“तसं सांगितलंस त्यांना?”

“कसं सांगणार? त्या रडत होत्या. मला मिठी मारली त्यांनी. मग मलाही रडू आलं.” केझिया थांबली. “ते कशाचं होतं, मला अजून कळलेलं नाही.”

काकांनी वात थोडी बारीक केली.

“तिसऱ्या ठिकाणी पाळकच नाही. मधे भाकर, भोवती बाकं, सगळे गप्प. ज्याला वाटेल तो उठून बोलतो. बायका डोक्यावर पदर घेऊन बसतात. मला म्हणाले, ‘तुम्ही पाहुण्या, मागे बसा.’ ताट माझ्यापर्यंत आलंच नाही.”

“वाईट वाटलं?”

“नाही, बरं वाटलं. त्या एकाच ठिकाणी माझं काही चुकलं नाही.”

“आणि गेल्या रविवारी आमच्याकडे आलीस.”

“तुम्ही बघितलंत?”

“छोटे पेले वाटले, सगळे हातात धरून थांबले, आणि तू एकटीच पिऊन बसलीस.”

केझियाचे कान तापले. “तेव्हा तर सगळ्यांचे डोळे मिटलेले होते!”

“मी मिटायला विसरतो हल्ली.”

…

मनुकांचा गोड, जड वास ओसरीभर पसरला होता. पलीकडे चर्चमध्ये कुणीतरी ऑर्गनवर उद्याच्या गीताची चाल बसवत होतं. एका ठिकाणी बोट अडखळे आणि चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

“दानिएल वाजवतो का अजून?” काकांनी विचारलं.

“ढोलकी केव्हाच फुटली. पलंगाच्या कडेवर बोटं वाजवतात.”

“कोणती चाल?”

“कळत नाही. फार हळू वाजवतात.”

काकांनी पातेल्यात पळी फिरवली.

“काका, आता तुम्हीच सांगा. कुठली भक्ती खरी? एके ठिकाणी वाटतं, एवढी शिस्त आहे म्हणजे हेच खरं. दुसरीकडे वाटतं, एवढं रडतात म्हणजे तेच खरं. घरी येऊन डोळे मिटले, की हात जोडू, वर करू, का मांडीवर ठेवू, यातच प्रार्थना संपून जाते. पप्पा रोज विचारायचे, ‘सापडलं का गं?’ मी रोज म्हणायचे, ‘बघतेय.’ काल…”

“काल काय?”

“काल त्यांनी विचारलंच नाही.”

काकांनी स्टोव्ह बंद केला. उचलताना झाकण फरशीवर पडून खणखणलं, तशी केझिया जागच्या जागी उडाली. काकांनी ते उचललं नाही. पांढऱ्या फडक्यातून ते सावकाश रस गाळायला लागले. फडकं पिळलं. पुन्हा पिळलं.

“पोटात काय जातंय त्याच्या?”

“घास उतरत नाही. मनुकांचं पाणी चमच्यानं पाजलं, तर घेतात थोडं.”

“हं.”

काकांनी फळीवरची पसरट वाटी घेतली. उद्याच्या बाटल्या रांगेत रिकाम्याच होत्या. त्यांतली एकही न भरता त्यांनी आधी वाटी भरली. काठापर्यंत, अगदी आणखी थेंब पडला तर सांडेल इतकी.

“धर.”

केझियानं एक हात पुढे केला.

“एका हातानं नाही जमायचं.”

तिनं दोन्ही हातांनी वाटी धरली. रस काठाला थरथरला.

“काका, हे… हे प्रभुभोजनाचं आहे ना? की नुसतं मनुकांचं पाणी?”

“गरम आहे.”

“पण मी कशी देणार? मी काही पाळक नाही. आणि पाळक कुठला बोलवायचा, ते तर राहिलंच!”

काका पायानं चपला शोधत होते.

“भाकरीशिवाय चालतं का?”

“घास उतरतो त्याला?”

“नाही…”

काकांना एक चप्पल सापडली.

“देताना काय म्हणायचं? गुडघे टेकायचे का? डोळे मिटून द्यायचं?”

“मिटू नकोस. पुढे पायऱ्या आहेत.”

ओहोळांचं घर कंपाउंडच्या भिंतीपलीकडेच होतं. रोज धावत ओलांडायचं ते अंगण केझियाला एकाएकी फार लांबरुंद वाटायला लागलं. वाटीवरची नजर तिला काढता येईना. ऑर्गनवरची चाल पुन्हा तिथेच अडखळली. या खेपेला ती दचकली नाही. दचकून चालणारच नव्हतं.

दाराशी येऊन ती थांबली. बाहेरून कडी लावलेली होती.

“काका… तुम्ही सांगितलंच नाहीत. हातांचं…”

काका मागून आले.

“तुझे हात मोकळे नाहीत,” ते म्हणाले. “थांब. दार मी उघडतो.”