हौसाची कॉफीगाडी

डोंगराच्या माथ्याजवळ धुकेवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. तिथे नऊ वर्षांची हौसा तिच्या आईबरोबर राहायची. घरात डबे पाच, त्यातले चार रिकामे. हौसाच्या डोक्यात मात्र प्रश्न अगदी काठोकाठ. धुकं दुपारी कुठे जातं? मुंगी वाट चुकली तर कुणाला विचारते? आई हसायची आणि म्हणायची, आधी भाकरी खा, मग मुंगीला शोधायला जा.

पण त्या थंडीत आईचं हसू मावळलं. मोळी घेऊन उतरताना तिचा पाय दुखावला. हौसा रोज तेल चोळायची, शेक द्यायची, पण महिना झाला तरी तो बरा होईना. मोळी नाही म्हणजे चूल नाही. शेवटी शहरातल्या मामाचा निरोप आला, की रविवारी येतो आणि हौसाला माझ्याकडे घेऊन जातो. मामा काही वाईट नव्हता हो. पण त्याची खोली एवढीशी, तिथे दोघी मावणार नव्हत्या. आईला एकटीला सोडून जायचं हौसाला मुळीच पटेना.

गावाबाहेर कॉफीचा एक जुना मळा होता. मालक केव्हाच सोडून गेलेला. लालचुटूक फळं झाडावरच पिकायची, वाळायची आणि टपटप गळून पडायची. काटक्या वेचायला गेलेल्या हौसाला तिथे एका हिरव्यागार पानावर काहीतरी चमचमताना दिसलं. बोटाएवढी परी होती ती. तांबडा झगा, चंदेरी चिमुकले पंख, आणि दवात भिजून ते पंख पार गारठलेले. हौसाने काटक्या टाकल्या, परीला अलगद ओंजळीत घेतलं आणि तोंडाची उबदार वाफ देत बसली.

पंख सुकले तशी परीने डोळे उघडले. तिने हौसाला तीन इच्छा देऊ केल्या. "पण नियम आहे हं," ती म्हणाली. "जे तुझ्या हातांना जमण्यासारखं आहे ते मागायचं नाही. मागितलंस, तर आधी मिळालेलंही विरून जाईल."

"पण जमण्यासारखं आहे की नाही, हे कसं कळायचं?"

"करून बघायचं."

हौसा विचारात पडली. रोज पहाटे सूर्योदय बघायला गावावरच्या कड्यावर माणसं यायची, हात चोळत, दात वाजवत. तिथे गरम घोटभर काही मिळत नव्हतं. चाकांवरून कॉफीच त्यांच्यापुढे नेली तर? घरी फळांचं एक रिकामं खोकं होतं आणि शेगडी होती. चाकं करायचा प्रयत्न तिने दोन दिवस केला, पण ती पापडासारखी वेडीवाकडी झाली. मग तिने चाकं मागितली. टिंग! दोन सोनेरी चाकं गवतात गोल गोल फिरू लागली. खोक्याला ती चाकं आणि एक दांडी बसवून गाडी झाली, पण पातेलं चढावर हिंदकळून निम्मं सांडायचं, म्हणून तिने घट्ट झाकणाची तांब्याची किटली मागितली. तिसऱ्या इच्छेच्या वेळी मात्र ती थांबली. म्हणाली, राहू दे, कुठे अडतं ते आधी बघते.

पेले तिने बांबूच्या कांड्यांचे केले. वाळलेली फळं उखळात कांडली, सुपात पाखडली. आतून फिकट हिरव्या बिया निघाल्या. शेजारचा गोठा झाडून तिने दूध मिळवलं आणि शुक्रवारी पहाटे बिया ठेचून उकळल्या. कड्यावर एका बाईंनी पहिला घोट घेतला, चेहरा आंबट केला आणि हा गवताचा काढा आहे का, असं अगदी मायेने विचारलं. मायेने विचारलं म्हणूनच हौसाला जास्त रडू आलं.

माझी कॉफी चांगली कर, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. गाडीच्या दांडीवर बसलेली परी तिच्याकडे बघत होती. हौसाने ओठ घट्ट मिटले. एकदाच तर करून बघितलं होतं.

घरी आई बसल्या बसल्या शेंगदाणे भाजत होती. कच्चा दाणा आणि भाजलेला दाणा यांची चव इतकी वेगळी का लागते, हौसाने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता तिने मूठभर बिया तव्यावर टाकल्या. हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, पिवळ्याच्या तांबूस. मग तडतड तडतड आवाज आला आणि बिया चॉकलेटी झाल्या. पहिल्या खेपेला कोळसा झाला, दुसऱ्या खेपेला मात्र असा काही घमघमाट सुटला, की शेजारणीने दारातून डोकं आत घातलं. वरून आईने चिमूटभर जायफळ किसून दिलं.

रविवारी कड्यावर गाडीभोवती घोळका जमला. मफलर गुंडाळलेल्या एका माणसाने एक पेला संपवला, दुसरा मागितला आणि मग देणारीकडे नीट बघितलं. तो मामा होता, पहाटेच्या एसटीने आलेला आणि कॉफीच्या वासाने कड्यावर चढलेला.

"कॉफी फक्कड झालीय गं," तो म्हणाला. "पण आईला चालता येत नाही आणि तू पहाटे इथे कड्यावर एकटी. तुझ्याकडे कोण बघणार? नाही पोरी, हे काही खरं नाही. चल माझ्याबरोबर."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हेच तर दुखत होतं. हौसा परीकडे वळली. "आईचा पाय बरा होऊ दे."

परी गंभीर झाली. "नीट विचार कर. रोज तेल चोळतेस, शेक देतेस. तो तुझ्याच हातांनी बरा होणार असेल, तर चाकंही जातील आणि किटलीही."

"महिनाभर करूनच बघत होते ना गं परीताई," हौसा म्हणाली. "गेली गाडी तर जाऊ दे. मला आई हवी."

तेवढ्यात डोंगराआडून सूर्य वर आला. परीचे पंख सोनेरी झाले, मग झगा, मग इवलंसं हसू. बघता बघता ती उजेडात मिसळून गेली. हौसाने डोळे गच्च मिटले. गाडीकडे बघायचा तिला धीर होईना.

डोळे उघडले तेव्हा पायवाटेने आई येत होती. काठी नाही, लंगडणं नाही, हातात दुधाची बरणी. "म्हटलं दूध संपलं असेल तुझं," ती धापा टाकत म्हणाली. हौसाने तिच्या कमरेला मिठी मारली, आणि मगच गाडीकडे बघितलं. चाकं होती, किटलीही होती.

मामा दुपारच्या एसटीने एकटाच परत गेला, खिशात ताज्या भाजलेल्या कॉफीची पुडी घेऊन. ज्यांनी ही गोष्ट ऐकली, त्यांच्याही घरचं माणूस असंच चढण चढून त्यांच्यापाशी येवो.