जित्राबांची डोण

पाहुणे, विहिरीचं पाणी पोटभर प्या, पण पहिला पोहरा या दगडी डोणीत ओता. राग मानू नका, नव्या नवरीलासुद्धा आम्ही हेच सांगतो. ही डोण जित्राबांची. तुमच्याकडे जित्राब म्हणजे गोठ्यातली गाय-बैलं. आमच्या करंजखोऱ्यात ती नुसती गुरं. रानात जे जे जिवंत फिरतं, ते जित्राब. कोल्हा, साळिंदर, बिबट्यासुद्धा.

असं सांगतात, की फार मागे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. झरे आटले आणि रानातली जनावरं या डोणीवर येऊ लागली. तेव्हा ती गुरांची होती. गाव धास्तावलं. गोजरा नावाच्या विधवेनं पुढं होऊन विहिरीला आणि डोणीला बोराटीचं कुंपण घालायला लावलं. आपली जित्राबं जगली पाहिजेत, रानातली मेली तरी चालतील, असं ती म्हणाली म्हणे. शेवटची काटेरी फांदी तिनंच ओढली.

तिसऱ्या दिवशी तिची एकुलती एक ठकू शेळ्यांमागे गेली. दुपारी शेळ्या तेवढ्या परत आल्या. हाका मारत गोजरा कोरड्या ओढ्यातून धावत सुटली. वाळूत लेकीची पावलं होती आणि त्यांच्यावर बिबट्याचे ठसे. आपण त्याचं पाणी तोडलं, त्यानं आपलं पोर नेलं, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. तिथंच तिनं पदर पसरला.

"माझी ठकू दे. जल्मभर तुझं पानी आधी, माझं मागनं."

वळणापलीकडे ठकू खडकाला चिकटून उभी होती. तिनं हातांनी उकरलेल्या झिऱ्यावर बिबट्याची मादी मान वाकवून पाणी पीत होती. मायलेकी जागच्या हलल्या नाहीत. पिऊन झाल्यावर मादी झुडपात निघून गेली.

"लई तहानली व्हती गं आये," ठकू म्हणाली.

गोजरा तशीच गावात आली आणि उघड्या हातांनी कुंपण उपसू लागली. लोक अडवायला धावले. तिच्या हातांतून रक्त गळत होतं.

"ती बी जित्राबंच हायेत," ती म्हणाली. मग कुणी अडवलं नाही.

आजही सकाळी पाण्याला येणारी पहिली बाई आधी डोणीत डोकावते. पाणी कमी झालेलं दिसलं की तिला बरं वाटतं. भरलेलीच दिसली, म्हणजे रात्री जित्राबं आलीच नाहीत, तर गावाचा जीव दिवसभर थाऱ्यावर नसतो. गेले चार दिवस ती काठोकाठ भरलेलीच सापडते आहे. आजचं शिळं पाणी मी आत्ताच उपसून टाकलं. ओता तुम्ही.