दहाव्याचं आमंत्रण

नगरपरिषदेतले डोईफोडे साहेब लोकांना ताटकळत ठेवण्यात पटाईत होते. वडील गेल्यावर कुमुद त्यांच्याकडे मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती मागायला गेली. आईचं पेन्शन त्यांवाचून अडलं होतं.

साहेब गुरगुरले, "माणूस एकदाच मेला ना? मग एकच प्रत. जास्त हव्यात तर मयतालाच मागायला सांगा!"

"मागतील की," कुमुद म्हणाली. "उद्या दहावा आहे. पिंडाला कावळा शिवला नाही, तर अण्णांची इच्छा या प्रतींत अडकलीय, हे गावाला कळेल. ती पुरी करायचं वचन तुम्हीच देऊ शकता. सकाळी घाटावर या, साहेब."

रांगेत हशा पिकला. साहेबांनी चारही प्रतींवर शिक्के मारले आणि हळूच विचारलं, "आता शिवेल ना?"

"लगेच शिवेल. आता अडवणारं कोण उरलंय?"