गोंड्याची गाठ

खिंडीत बिबट्याचा वावर वाढला, तेव्हा किल्लेदार दमाजीरावांनी हुकूम काढला की हत्याराशिवाय कुणी खिंड ओलांडायची नाही. बाजारातून शेळी घेऊन निघालेल्या चिमाईचा जीव टांगणीला लागला. तान्हं लेकरू पलीकडे घरी होतं आणि दिवस कलला होता. तिनं लोहाराकडून घाईघाईनं वीतभर सुरी घेतली, हिसडे देणाऱ्या शेळीचं दावं मनगटाला गुंडाळलं आणि खिंडीच्या तोंडाशी असलेला नाका गाठला. तिथं किल्लेदार स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्यांची हत्यारं तपासत होते.

किल्लेदार हसले. "ही तर काकडी चिरायची सुरी. हिनं बिबट्या मरेल होय गं?"

"नाही, सरकार. तो शेळीवर झेपावला तर दाव्याबरोबर मीही फरफटत जाईन. दावं कापायचं नि पळायचं."

"हत्यार असं असावं," म्हणत त्यांनी कमरेची तलवार थोपटली. ती फक्त दसऱ्याच्या पूजेला म्यानाबाहेर निघे. एरवी मूठ रेशमी गोंड्यानं म्यानाशी घट्ट बांधलेली असे.

चिमाईनं त्या गोंड्याकडे बोट दाखवलं. "मग खिंडीपर्यंत सोबत चला, सरकार. बिबट्या आला की आधी माझं दावं कापीन, मग तुमचा गोंडा."

किल्लेदारांनी खिंडीकडे पाहिलं, मग त्या गाठीकडे, आणि पहारेकऱ्याला अडसर उचलायची खूण केली.