कणगीतली कीड

देशमुखांचे कारभारी नरहरपंत धान्य तपासायच्या नावाखाली घरोघरी फुकट जेवत. एकदा ते खुद्द देशमुखांना घेऊन द्वारकाकाकूंकडे आले. पिठलं-भाकरीवर ताव मारताना पंतांना ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला दिसला.

"असल्या पाल्यानं कीड जाते होय? किडकी ज्वारी गावभर कीड पसरवील. सगळी जप्त करा!"

वर्षाचं अन्न जाणार म्हटल्यावर काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सरकार, हात घालून बघा. बारीक कीड पाल्यानं केव्हाच गेली. मोठी तेवढी उरलीय, ती पाटावर बसून आणखी भाकरी मागतेय!"

देशमुखांनी ओंजळभर ज्वारी काढली. दाणा न् दाणा टपोरा, स्वच्छ होता.

"पंत, उठा, हात धुवा," ते म्हणाले. "आणि कोठाराच्या किल्ल्या इथंच ठेवा."