न घसरणारी बाई

“ती बोलली की कुणी हसायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

सासूबाई हे सासऱ्यांना बजावत होत्या. मी दाराआड, हातात धुतलेले कप. लग्नाची मेंदीही अजून पुरती गेली नव्हती.

माझं माहेर अकोल्याकडचं, सासर पुण्याचं. माहेरी मी तोंड उघडलं की लोक पोट धरून हसायचे, आणि मग मीही कुणाला सोडायची नाही. इथे मी ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हटलं की सगळे दुखवट्याला आल्यासारखे चेहरे करत. शेवटी मी बोलणंच सोडलं. सासूबाई शेजारी सांगू लागल्या, पोरगी स्वभावानं शांत आहे.

सासरे पूर्वी कार्टूनपट काढायचे. आता घरीच शिकवतात. त्यांचा पट्टशिष्य शार्दूल एका सकाळी आपलं नवं चित्र दाखवायला आला. चहा देऊन मीही मागे उभी राहिले.

पडद्यावर एक बोकड रंगाऱ्याची बादली उलथवतो. रस्ताभर हिरवा रंग. हवालदार घसरतो, शेठजी घसरतात, नवरदेव घोड्यासकट घसरतो. मग डोक्यावर मोळी घेतलेली एक सावळी आदिवासी बाई येते आणि त्याच रंगावरून, मान ताठ ठेवून, निघून जाते. तळव्याला थेंबही लागत नाही.

शार्दूलनं छाती फुगवून सांगितलं की जुन्या चित्रांत अशा माणसांचे ओठ पुरीसारखे फुगवायचे, डोळे बटाट्याएवढे काढायचे आणि हसायला म्हणून त्यांनाच आपटायचे. ते पाप त्यानं केलेलं नाही.

“चांगलं केलंस,” सासरे म्हणाले. “...हिचं नाव काय?”

“नाव?... ठेवलं नाही, सर.”

“बोकडाचं?”

“सर्जेराव.”

सासऱ्यांनी कप उचलला. चहाचा एक घोट... दुसरा...

“सूनबाई, तुला कशी वाटली ही?”

मी गाफील होते.

“हे तं देव्हाऱ्यातल्या मूर्तीवानी सरकली ना बाप्पा. रंग हिलेच काऊन भेते?”

शार्दूलनं चेहरा ताबडतोब गंभीर केला आणि आदरानं मान हलवली. सवयीनं सासऱ्यांनीही चेहरा तसाच केला. दोघं समोरासमोर, तसेच, तेराव्याला बसल्यासारखे.

सासऱ्यांनी शार्दूलच्या चेहऱ्याकडे पाहिलं... मग पडद्यावरच्या बाईकडे... मग माझ्याकडे.

त्यांची मिशी थरथरली. चहा नाकातून आला.

आवाज ऐकून सासूबाई पोळी लाटायची सोडून बाहेर आल्या आणि त्यांच्यावर डोळे वटारले. सासऱ्यांनी पंचा तोंडात धरला. खांदे मात्र हलतच होते.

शार्दूल पुरता गोंधळला.

“म्हणजे... हिला पाडू, सर? त्या जुन्या लोकांसारखं?”

सासऱ्यांनी डोळे पुसले आणि बोट माझ्याकडे केलं.

“मला काय विचारतोस. तिला विचार.”

तिघंही माझ्याकडे बघत राहिले. सासूबाईंच्या हातात लाटणं तसंच.

“हसा ना मामाजी,” मी सासऱ्यांना म्हटलं. “आन् तिले पाडा बी. फक्त उठल्यावर रंगाची भरली बादली तिच्या हाती द्या.”