पोट चोळणारी गोजराबाई

फार वर्षांमागची गोष्ट. नांदखोल गावाला तेव्हा नदीवर पूल नव्हता आणि वैद्यही नव्हता. गोजराबाई मात्र होती. ती पोट चोळायची. माणसाने सकाळी अनशापोटी जायचं, उताणं निजायचं. ती बेंबीभोवती एरंडेल लावायची आणि बोटं फिरवत विचारायची, "काय अडलंय आत?" औषध नंतर. आधी बोलायचं, आणि बोललेलं तिने कुणाला सांगायचं नाही, हा तिचा नेम.

तुम्ही हसाल, पण अन्न अंगी लागत नाही ते बहुतेकदा अन्नामुळे नसतंच. सासूच्या धाकाने आंबट ढेकर येणारी सून, पोरीचं लग्न जमेना म्हणून जुलाब लागलेला बाप, सगळे तिच्याकडे यायचे. काळजी तिच्या बोटांखाली मासळीसारखी पळायची, असं म्हणतात. माणूस बोलून मोकळा झाला की ती काळजी गोजराबाईच्या तळव्यात शिरायची आणि तो भाकरी मागायचा. त्या काळज्या पुढे कुठे जातात, हे कुणी विचारलं नाही. लोकांना आपलं पोट बरं झालं की पुरे असतं.

गोजराबाईचा मुलगा भिवा पैलतीरी कामाला म्हणून गेला, त्याला वर्ष झालं होतं. घरात सून तानू होती. ती रोज नवऱ्यासाठी भाकरी झाकून ठेवायची.

एका सकाळी नावाडी सटवा आला. भिवाला पार सोडलं असं गावाला सांगणारा तोच. वर्षभर त्याला अन्नाचा वास सहन होत नव्हता. गोजराबाईने बोटं टेकवली आणि नेहमीचं विचारलं.

"आक्का, भिवा पल्याड पोचलाच न्हाई. नाव उलटली. त्यानं माझा हात धरला हुता. म्या सोडवून घेतला."

तिचे हात थांबले नाहीत, असं म्हणतात. तिने चोळणं पुरं केलं, ओव्याचा काढा दिला आणि म्हणाली, "जा. जेव आता." सटवा त्या दुपारी पोटभर जेवला. मला त्या माणसाचा आजही राग येतो.

आणि ती? नेम मोडावा तर सटव्याला गाव जिवंत सोडणार नाही, आणि पुन्हा कुणी तिच्यापुढे तोंड उघडणार नाही. पाळावा तर तानू वाट बघत झिजणार. ती गप्प राहिली. त्या दिवसापासून तिने गिळलेला घास तसाच्या तसा परत यायचा, एकेक शीत कोरडं, न भिजलेलं.

"आत्याबाई, काय हुतंय ते सांगा की," तानू रडकुंडीला येऊन म्हणायची.

"काय न्हाई गं. वारा धरलाय."

गावभरच्या पोटांवर हात फिरवणाऱ्या बाईच्या पोटावर हात ठेवायला कुणी आलं नाही. होळीच्या आधी ती गेली. चितेत सगळं जळलं, राखेत मुठीएवढा काळा दगड तेवढा उरला, असं म्हणतात.

सटवा त्यानंतर अकरा वर्षांनी मेला, मरताना तानूला सगळं सांगून मेला. तानूने त्या दिवशी झाकलेली भाकरी गाईला घातली. पुढे तीही पोटं चोळू लागली, पण सासूच्या नावाने तिने एक रीत घातली, ती नांदखोलला अजून चालते. दुखणेकऱ्याने आधी चोळणाऱ्या बाईच्या पोटावर लुगड्यावरून हात ठेवायचा आणि विचारायचं, "तुमचं काय?" तिने सांगितल्याशिवाय आडवं व्हायचं नाही.

बाई बहुधा "काही नाही" म्हणते. दुखणेकऱ्याला घाई असते. तो लगेच आडवा होतो.